हुतूतूची वही

बारामती तालुक्यातलं लोणी भापकर हे माझं गाव. बाहेरचा माणूस आमच्याकडे येतो तो देवळं पाहायला. मल्लिकार्जुनाचं जुनं दगडी देऊळ, दत्तमंदिराजवळची पुष्करणी आणि तो प्रसिद्ध यज्ञवराह. त्याच्या पाठीवर झूल घालावी तशा ओळीनं विष्णूच्या लहान लहान मूर्ती कोरलेल्या आहेत. शाळा सुटल्यावर आम्ही पोरं त्या बाजूला जायचो तेव्हा मला नेहमी एक प्रश्न पडायचा. हे काम काही एकट्याचं नसणार. दगड कुणी निवडला असेल? ओळी कुणी आखल्या असतील? एखादी मूर्ती तिरकी गेली तेव्हा कोण कुणावर ओरडलं असेल? दगड एवढंच सांगतो की काय घडलं. कसं घडलं ते तो सांगत नाही.

आज मला बोलायचंय ते मात्र दगडाविषयी नाही, मातीविषयी आहे. ज्या मातीत आम्ही हुतूतू खेळलो त्या मातीविषयी, आणि एका वहीविषयी.

खरं म्हणजे ‘आम्ही खेळलो’ हे माझं म्हणणं अर्धंच खरं आहे. मला लहानपणापासून दमा. हुतूतू हा सगळा दमाचा खेळ. एका श्वासात ‘हुतूतू हुतूतू’ म्हणत पलीकडच्या मैदानात शिरायचं, गडी मारायचा आणि तो श्वास तुटायच्या आत परत यायचं. मी मधल्या रेघेपर्यंत गेलो तरी धाप लागायची. तालमीतले आप्पा आम्हाला शिकवायचे. त्यांनी एक दिवस मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, “तुला दमा हाय, तर तू दुसऱ्यांचा दम मोज.” त्या दिवसापासून मी आमच्या आळीच्या संघाचा लेखनिक झालो. ही गोष्ट १९८५ सालची.

वही अब्बांनी दिली. अब्बा शिंपीकाम करायचे. त्यांची मापांची लांबट वही निम्मी भरली होती. ती त्यांनी उलटी करून माझ्या हातात दिली. म्हणजे एका बाजूनं उघडली की गावातल्या माणसांच्या छाती-कमरेची मापं, आणि दुसऱ्या बाजूनं उघडली की आमच्या चढाया. वही देताना अब्बांनी त्यांच्या धंद्याचा एक नियम सांगितला. “लिहिलेलं खोडून काळं करायचं नाही. चुकलं तर वरून एक रेघ मारायची आणि शेजारी बरोबर लिहायचं. उद्या गिऱ्हाईक भांडायला आलं तर आधी काय लिहिलं होतं तेही दिसलं पाहिजे.” मी पुढं बी.ए.ला इतिहास विषय घेतला होता. पण साधनं कशी जपावीत याचा पहिला धडा मला मिळाला तो शिलाई मशीनच्या शेजारी बसून.

आता थोडं या खेळाच्या इतिहासाकडे वळू.

आपण आज ज्याला कबड्डी म्हणतो तो खेळ एका जागी, एका माणसानं शोधून काढलेला नाही. महाराष्ट्रात हुतूतू, बंगालकडे हाडूडू, तमिळ मुलखात सडुगुडू अशा नावांनी तो गावोगाव खेळला जात होता. प्रत्येक गावाचे नियम वेगळे. किती गडी घ्यायचे, मैदान केवढं आखायचं, दम कसा मोजायचा, मेलेल्या गड्याचं काय करायचं, हे सगळं खेळणाऱ्यांच्या तोंडात. दोन गावांचा सामना ठरला की अर्धा वेळ खेळण्यात आणि अर्धा वेळ भांडण्यात जायचा.

यातला मोठा प्रश्न होता तो मेलेल्या गड्याचा. त्यावरून खेळाचे तीन प्रकार पडले होते. पहिला संजीवनी. यात आपला गडी बाद झाला तरी समोरचा एक गडी मारला की आपला एक जिवंत होऊन परत मैदानात येतो. दुसरा गामिनी. यात एकदा बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसतो. मध्ये उठणं नाही. तिसरा अमर. यात बाद झालेला गडी बाहेर जातच नाही. फक्त गुण मोजायचा आणि खेळ चालू ठेवायचा. मी कविता लिहितो, त्यामुळे मला नेहमी वाटतं की मरणाकडे पाहायच्या तीन रीती या पोरांच्या खेळात येऊन बसल्या आहेत. कुणी म्हणतं गेलेला परत येतो, कुणी म्हणतं सगळ्यांचा हिशेब एकदमच होईल, आणि कुणी म्हणतं मरण असं काही नसतंच, नोंद तेवढी होते.

पण स्पर्धा भरवायची तर तिन्ही रीती एकाच मैदानात चालत नाहीत. त्यातून निवड करावी लागते. ही निवड करण्याचं काम महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झालं. १९०६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं १९१४ मध्ये खो-खोचे नियम बसवायला समिती नेमली होती. हुतूतूच्या बाबतीत साताऱ्याचं नाव घेतलं जातं. काही पुस्तकांत त्या नियमांचं वर्ष १९१८ दिलेलं असतं, काहींत १९२१. संजीवनी आणि गामिनी या दोहोंचा मेळ घालून तिथं नियमांचा आराखडा तयार झाला. १९२३ मध्ये एका समितीनं तो दुरुस्त केला, बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानं नियम छापले आणि त्याच वर्षी बडोद्याला त्या नियमांनी अखिल भारतीय स्पर्धा झाली. बडोद्यात तेव्हा सयाजीराव गायकवाडांचं राज्य होतं आणि व्यायामाला राजाश्रय होता.

इथं एक गंमत लक्षात घ्या. छापण्याचं वर्ष सगळे एकच सांगतात, १९२३. नियम बसवण्याच्या वर्षाबद्दल मात्र दोन मतं. असं का? कारण छापलेला कागद एका तारखेचा असतो. नियम बसवणं ही एका दिवसाची गोष्ट नसते. आधी दहा माणसं बसतात, बोलतात, मैदानात जाऊन करून पाहतात, पटत नाही म्हणून परत येतात. त्या चार-दोन वर्षांतल्या कुठल्या दिवशी खेळ ‘झाला’ म्हणायचं?

पुढचा प्रवास आपल्याला ठाऊक असतो. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ करून दाखवले, त्यात कबड्डीही होती. त्याच साली बडोद्यातून द. चिं. मुजुमदारांनी संपादित केलेल्या ‘व्यायामज्ञानकोशा’चा पहिला खंड निघाला. पुढे १९४९पर्यंत त्याचे दहा खंड झाले. देशी खेळ एकत्र करून, त्यांची मैदानं नि रीती लिहून ठेवणारं एवढं मोठं काम मराठीत झालं, ही आपण अभिमानानं सांगावी अशी गोष्ट आहे. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला आणि १९५२ मध्ये मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. देशभर एकच शब्द हवा म्हणून आपण आपला ‘हुतूतू’ मागे ठेवला आणि ‘कबड्डी’ म्हणू लागलो. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत हा खेळ पदकाचा झाला.

हा झाला इतिहास. यात वर्षं आहेत, संस्था आहेत, गावं आहेत. यात वाद नाहीत. गामिनीवाले गप्प कसे बसले? मेलेल्याला उठवायचं नाही असं म्हणणारा एखादा म्हातारा वस्ताद उठून निघून गेला असेल का? नवा नियम ज्या पोरांवर पहिल्यांदा करून पाहिला ती पोरं कोण होती? आपल्या हाती पडणाऱ्या इतिहासात ती दिसत नाहीत.

तुम्ही म्हणाल, खेळाच्या बाबतीत एवढं कोण लिहून ठेवतं? तर ठेवतात. १८६३ साली लंडनमध्ये काही क्लबांची माणसं एका खाणावळीत जमली. फुटबॉलचे नियम ठरवायला. ऑक्टोबर ते डिसेंबर अशा त्यांच्या सहा बैठका झाल्या. त्यांचा चिटणीस मोर्ले याच्या हातचं इतिवृत्त शिल्लक आहे. प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारायला परवानगी असावी की नसावी, यावर त्या बैठकांमध्ये जोरदार वाद झाला. लाथ नको असं ठरलं, तेव्हा ब्लॅकहीथ नावाचा क्लब रागावून बाहेर पडला. हे सगळं आज दीडशे वर्षांनंतर वाचायला मिळतं. म्हणजे फुटबॉलचा नियम काय आहे एवढंच नाही, तर तो तसा का आहे हेही कळतं. अमेरिकेत जेम्स नेस्मिथ नावाच्या व्यायामशिक्षकानं १८९१ मध्ये बास्केटबॉलचे तेरा नियम टाइप करून काढले. ते कागद २०१० मध्ये लिलावात त्रेचाळीस लाख डॉलरांना विकले गेले. आपल्याकडे ते रद्दीत गेले असते, असं म्हणून मी हळहळणार नाही. कारण माझ्या स्वतःच्या घरातली वही किती काळ कुठं पडली होती, ते मला ठाऊक आहे.

आमच्या वहीत मी पाच रकाने आखले होते. चढाईचा क्रमांक, गडी, दम किती सेकंद, काय झालं, आणि का झालं. पहिले चार रकाने आप्पांनी सांगितलेले. पाचवा माझा. अब्बांच्या वहीत एखाद्या मापापुढं ‘खांदा उतरता’ असं लिहिलेलं असे, त्यावरून मला तो सुचला.

या पाचव्या रकान्यामुळे आमचा संघ सुधारला असं म्हणायला हरकत नाही. पहिल्या वर्षी आम्ही सपाटून हरायचो. आप्पांना वाटायचं, पोरांच्या अंगात जोर नाही. मी तीन महिन्यांच्या नोंदी वाचून दाखवल्या. त्यात ‘का’ या रकान्यात पुन्हा पुन्हा एकच वाक्य येत होतं: ‘डाव्या कोपऱ्यानं एकट्यानं घोटा धरला, मदत उशिरा आली.’ जोर होता, वेळ चुकत होती. मग आप्पांनी डाव्या कोपऱ्याला आणि त्याच्या शेजारच्या गड्याला हात धरून खेळायला लावलं. ही साखळी. सुरुवातीला दोघं एकमेकांना ओढून पाडायचे. ‘साखळी तुटली, हात घामट’ अशी एक नोंद आहे. दुसऱ्या दिवशीची नोंद, ‘हाताला माती लावून धरला, टिकली.’ त्याच्या पुढच्या आठवड्यात, ‘हात धरायचा नाही, मनगट धरायचं.’ असं करत करत ती साखळी दोन महिन्यांत बसली. पंचक्रोशीत लोक म्हणायचे, यांच्या डाव्या बाजूला जाऊ नका. ती बाजू कशी झाली हे त्या वहीतच आहे.

मे १९८७ मधलं एक पान मला फार आवडतं. त्या वर्षी रमजान ऐन उन्हाळ्यात आला होता. माझा चुलतभाऊ, ज्याला मी भाई म्हणतो, आमचा सगळ्यात चांगला चढाई करणारा. तो रोजे धरायचा. दिवसभर पाण्याचा थेंब नाही आणि संध्याकाळी पाचला सराव. चौथ्या दिवशी त्याला भोवळ आली. पानावर लिहिलंय: ‘आजपासून सराव मगरिबनंतर. सगळ्यांचा. कारण रोजे.’ त्यातला ‘सगळ्यांचा’ हा शब्द आप्पांनी मला मुद्दाम लिहायला लावला होता. “एकट्यासाठी वेळ बदलली असं नगं. संघाची वेळ बदलली,” म्हणाले. देवळापुढच्या खांबावरच्या दिव्याच्या उजेडात तो महिनाभर सराव चालला. कुठल्याही नियमपुस्तकात हे सापडणार नाही. पण आमचा खेळ घडला तो असाही घडला.

आता त्या गोष्टीकडे येतो जी सांगायला मला इतकी वर्षं लागली.

१९८७ च्याच दिवाळीनंतर जवळच्या एका गावात स्पर्धा होती. आम्ही अंतिम सामन्यात पोचलो. शेवटची दोन-तीन मिनिटं राहिली होती आणि गुण बरोबरीत, एकवीस-एकवीस. समोर त्यांचा एकच गडी उरलेला. कबड्डीत समोरचा सगळा संघ बाद झाला की ‘लोण’ होतं आणि दोन गुण जास्त मिळतात. आमच्या गावाच्या नावामुळे आमच्यावर या लोणावरून कायम कोट्या व्हायच्या. भाई चढाईला गेला. मी मध्यरेषेच्या टोकाला वही मांडीवर घेऊन बसलो होतो. हातात उसनं आणलेलं सेकंदकाट्याचं घड्याळ. माझे डोळे काट्यावर आणि कान भाईच्या आवाजावर. दोन वर्षं मी तो आवाज ऐकत होतो. कुठं तो बारीक होतो, कुठं ‘ड्डी’ गिळला जातो, सगळं मला पाठ होतं.

भाईनं शेवटच्या गड्याला हात लावला आणि उडी मारून परत आला. पण हात लागायच्या आधी त्याचा दम सुटला होता. श्वास तुटला, त्यानं आत घेतला आणि पुन्हा सुरुवात केली. पापणी लवायला लागतो एवढाच वेळ. समोरची पोरं ओरडली, “दम सुटला, दम सुटला!” गर्दीचा गलका एवढा होता की पंचांना काही ऐकू गेलं नव्हतं. त्यांनी सरपंचांकडे पाहिलं. सरपंच म्हणजे सामन्याचा मुख्य पंच, ग्रामपंचायतीचा नव्हे. त्यांनीही मान हलवली. गुण दिला गेला, लोण झालं, आम्ही चोवीस-एकवीसनं जिंकलो. लोणीनं लोण दिलं म्हणून पोरांनी गुलाल उधळला. ढाल ट्रॅक्टरमधून वाजत-गाजत आली.

मी अधिकृत गुणलेखक नव्हतो. मला कुणी विचारलं नाही, आणि मी कुणाला सांगितलं नाही. सामन्यात पंचांचा निर्णय अखेरचा, हा नियमच आहे. त्यामुळे त्या दिवशीच्या निकालाबद्दल मला कुणी दोषी धरणार नाही. पण रात्री घरी येऊन वही उघडली. क्रमांक लिहिला, गड्याचं नाव लिहिलं, ‘काय झालं’मध्ये ‘शेवटचा गडी बाद, लोण’ लिहिलं. ‘दम’ आणि ‘का’ हे दोन रकाने कोरे ठेवले. खोटं लिहायला हात होईना आणि खरं लिहायला छाती होईना. सगळ्या वहीत तेवढे दोनच रकाने कोरे आहेत.

त्यानंतर दोन वर्षांत संघ पांगला. कुणी कारखान्यात, कुणी पुण्यात. भाई हडपसरला टेम्पो चालवू लागला. मी बारामतीला बी.ए. केलं, कविता लिहू लागलो. अब्बा गेले, तेव्हा त्यांच्या पेटीत बाकीच्या मापांच्या वह्यांबरोबर ही वहीही बांधली गेली.

ती बाहेर आली ती २०२३ साली. त्या वर्षी ७ ऑक्टोबरला चीनमध्ये हांगझोऊला आशियाई स्पर्धेचा पुरुषांचा अंतिम सामना झाला. भारत विरुद्ध इराण. तुमच्यातल्या अनेकांनी टीव्हीवर पाहिला असेल. २०१८ मध्ये इराणनं आपल्याला उपान्त्य फेरीत हरवलं होतं, त्यामुळे तणाव होताच. गुण अठ्ठावीस-अठ्ठावीस, शेवटची काही क्षणांची लढत आणि पवन सेहरावत चढाईला. तो कुणाला न शिवताच बाजूच्या राखीव पट्ट्यात, म्हणजे लॉबीत गेला आणि त्याच्या मागोमाग इराणचे बचावपटूही तिथं गेले. झटापट झाल्याशिवाय लॉबी मैदानात धरली जात नाही. आता बाद कोण? एका नियमाप्रमाणे फक्त चढाई करणारा. दुसऱ्या नियमाप्रमाणे त्याच्यामागे लॉबीत गेलेले गडीही. एक नियम जुना, एक नवा. निर्णय इकडून तिकडे फिरला, दोन्ही संघ मैदानात बसून राहिले, सामना तासभर थांबला. शेवटी भारत तेहतीस-एकोणतीस असा जिंकला.

गावातली पोरं तालमीत हा सामना मोबाइलवर पाहत होती. मी योगायोगानं तिथं होतो. ती मला म्हणाली, “चाचा, एवढी मोठी स्पर्धा आणि नियम कुठला ते ठरंना?” तेव्हा मी त्यांना साताऱ्याची नि बडोद्याची गोष्ट सांगितली. नियम दगडावर कोरलेले नसतात, माणसं ते बदलत असतात आणि बदलताना कारण लिहिलं नाही की शंभर वर्षांनीही तासभर बसावं लागतं, असं काहीतरी बोललो. बोलता बोलता वहीचा विषय निघाला. पोरांनी पिच्छाच पुरवला. पेटी उघडली.

त्यांनी पानापानाचे फोटो घ्यायला सुरुवात केली. जत्रेत मोठे करून लावायचे म्हणाली. साखळीच्या नोंदी वाचून तर ती मनगट धरून पाहायलाच लागली. आणि मग एक पोरगा त्या पानावर थांबला. “चाचा, हितं दोन खानं मोकळं का?”

मी म्हणालो, उद्या सांगतो.

रात्री भाईला फोन केला. छत्तीस वर्षांत आम्ही दोघं या विषयावर एक शब्द बोललो नव्हतो. ईदला भेटायचो, लग्नांना भेटायचो, पण हे नाही. मी म्हटलं, “भाई, त्या फायनलची शेवटची चढाई. वहीत दम लिहायचा राहिलाय.” पलीकडे थोडा वेळ फक्त रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, “सुटला होता. तुला कळलं होतं ना?” मी हो म्हणालो. “मग तवाच लिहायचं होतंस,” भाई म्हणाला. “मी वाट बघत होतो, कुणीतरी म्हणंल म्हणून.”

मला वाटत होतं की गप्प राहून मी त्याला सांभाळलं. खरं तर मी त्याला त्या चढाईत एकट्याला सोडलं होतं. तो मध्यरेषा ओलांडून परत आला, आणि तरी इतकी वर्षं पलीकडेच राहिला.

दुसऱ्या दिवशी पोरांसमोर मी ते दोन रकाने भरले. जुनी शाई निळी होती, ही काळी. ‘दम : स्पर्शाआधी सुटला. का : थकवा, गडी एकटा पाहून घाई. नोंद ऑक्टोबर २०२३.’ तारीख मुद्दाम घातली. आजची नोंद आजची म्हणूनच दिसली पाहिजे, तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची म्हणून नाही. अब्बांचा नियम तोच होता.

पोरांची आपसांत चर्चा झाली. एक म्हणालं, हे पान जत्रेत लावायला नको, गावाची अब्रू जाईल. दुसरं म्हणालं, मग बाकीची पानं तरी खरी कशावरून? मी त्यात पडलो नाही. तासाभरानं त्यांनीच ठरवलं की पान लावायचं, पण त्याआधी त्याचा फोटो त्या गावात पाठवायचा. त्यांच्या संघातला तो शेवटचा गडी अजून तिथंच शेती करतो, हे आम्हाला ठाऊक होतं.

संध्याकाळी त्याचा मला फोन आला. मी माफी मागायची तयारी करून बसलो होतो. तो म्हणाला, “आम्ही तेवढंच म्हणत होतो.” एवढं बोलून त्यानं पाऊसपाण्याची चौकशी केली. आमचा भाग जिरायती, त्यांचाही तसाच. मग बराच वेळ आम्ही पावसावरच बोललो. ठेवता ठेवता म्हणाला, “जत्रंला येतो पान बघायला.” आणि तो आला.

आता तालमीतल्या पोरांनी स्वतःची वही केली आहे. मोबाइलमध्ये चित्रण होतं, मग वही कशाला, असं आधी त्यांना वाटत होतं. पण चित्रणात काय झालं ते दिसतं, का झालं ते कुणीतरी लिहावंच लागतं, हे त्यांचं त्यांनाच कळलं. माझे पाच रकाने त्यांनी तसेच ठेवले आहेत. फक्त शेवटी एक सहावा वाढवला आहे. त्याच्या डोक्यावर लिहिलंय, ‘वाद’. परवा जाऊन पाहिलं, तर सगळ्यात जास्त भरलेला रकाना तोच होता.